टेंभ्याचा नारळ

लग्नाच्या मांडवात आमचं टेबल लागलं, की मुलाचा मामा नाहीतर मुलीचा काका हमखास वाकून कानात सांगायचा, "ताई, बदाम विसरू नका हं." त्यातल्या निम्म्यांना बदाम म्हणजे नेमकं काय हे ठाऊक नसायचं. शेजारच्या पाड्यावरच्या लग्नात होता, मग आपल्याकडे नको का, एवढाच हिशेब. मग मी बदाम टाकायची. मोठ्या पडद्यावर नवऱ्याच्या छातीशी एक छोटासा बदाम उघडायचा, मोठा मोठा होत जायचा आणि त्यातून हळदीनं पिवळी झालेली नवरी बाहेर यायची. पोरं शिट्ट्या मारायची, नवरीची आई डोळे पुसायची आणि मी टेबलामागे माझा चहाचा कप कुठं गेला ते शोधत असायची.

जव्हार-मोखाड्यात मला सगळे 'मिक्सरवाली ताई' म्हणतात. मोखाड्याच्या बाजारात एका बाईनं तर मला चटणीच्या भांड्याचं पातं बदलून मिळेल का, असं विचारलं होतं. तेव्हा ज्यांना आमच्या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी मिक्सर म्हणजे काय ते सांगते. दोन-तीन कॅमेरे वेगवेगळ्या जागी उभे असतात. त्यांच्या वायरी येऊन एका ताटाएवढ्या यंत्राला लागतात. त्यावर बटणांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत ज्या बटणात लाल दिवा, तो कॅमेरा आत्ता लोकांना दिसतोय. खालच्या ओळीत ज्यात हिरवा दिवा, तो पुढं दिसणार. म्हणजे एक पानात वाढलेलं आणि एक चुलीवर शिजत असलेलं. उजव्या हाताला एक दांडी. ती ओढली की चुलीवरचं पानात येतं.

ते कसं येतं, यातच सगळी गंमत. एका झटक्यात आलं तर तो कट. एक चित्र दुसऱ्यात विरघळत आलं तर मिक्स. आणि यंत्रातल्या करामती वापरल्या तर चित्र वहीच्या पानासारखं उलटतं, डब्यासारखं गरगरतं, विटा होऊन ढासळतं, काचेसारखं फुटतं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडलेला माणूस. त्यांना या करामतींचा मनापासून राग. "मी इतकं चांगलं चित्र काढतो आणि तू त्याची पुरचुंडी करतेस," म्हणायचे. पण गिऱ्हाईक पुरचुंडीवर खूश असायचं. आणि खरं सांगायचं तर मीही असायची. मोठी माणसं काचेच्या चित्रासारखी फोडायला मिळणं हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं.

मी या टेबलावर आले ती अपघातानंच. आमचा फोटो स्टुडिओ होता, मिक्सर चालवणारा माणूस ऐन लग्नसराईत नाशिकला निघून गेला. हे आणि माझा दीर विलास असे दोघे कॅमेऱ्यावर. तिसरं माणूस घरात मीच. पुढं गुडघे आणि नजर दोन्ही कुरकुरायला लागल्यावर मी दांडी सोडली. आता मोबाइलवर सगळे सगळं करतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मांडवात कुणी बदाम मागत नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

बदामाचं एक लफडं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पोशेऱ्याला एक लग्न होतं. मी नवऱ्यावरून नवरीवर बदाम उघडणार, एवढं ठरलेलं. विलासनं कॅमेरा नवरीवर लावला होता. मी दांडी ओढायला घेतली आणि नेमकं त्याच वेळी त्याला शेजारी काहीतरी मजेदार दिसलं. त्यानं कॅमेरा फिरवला. नवऱ्याच्या काळजातून बदाम उमलला आणि त्यात मांडवाचे आंब्याचे डहाळे खाणारा बोकड. दांडी अर्ध्यात थांबवता येते, पण माझाच हात हसून हसून लुळा पडला. नवऱ्याचा बाप मात्र बेरकी. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, सीडीत पण ऱ्हाऊ दे," म्हणाला. "आमचा बोकड हाय तो. पावण्यांना दिसू दे आमच्यात किती पोसलाय." त्याच संध्याकाळी तो बोकड पंगतीत होता, हे वेगळं सांगायला नको.

आणि एक सूर्यमाळचं लग्न. उन्हाळा, पाण्याचा टँकर येईपर्यंत वऱ्हाडाला हातपाय धुवायलाही थांबावं लागलं होतं. मुलगी दूर डहाणूकडे द्यायची होती. सकाळपासून आमचे हे आणि मी कानातल्या यंत्रावर बोलत होतो, "दोनवर कट, एकवर कट." मुलीचा बाप टेबलाशेजारीच पाणी वाटत होता, त्यानं ते सगळं ऐकलं. पाठवणीच्या आधी तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"बाय," तो म्हणाला, "माझ्या पोरीवर कट नको मारू. हळू जाऊ दे तिला."

मी मिक्स लावला. गाडी वळणाशी गेल्यावर दांडी इतकी हळू ओढली, की पोरीचा चेहरा आणि मागचा रिकामा मांडव बराच वेळ एकमेकांत मिसळून राहिले. तो पडद्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. दांडी खाली टेकवायला मला फार जड गेलं. करामतींची इतकी वर्षं सवय असूनही त्या साध्या मिक्सनं मला जेवढं रडवलं तेवढं कशानंच नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती बोहाड्याची आहे. गावाचं नाव लिहिणार नाही. यातल्या पांडूचं नावही पांडू नाही. त्याला विचारूनच लिहितेय. "आता लिव्हा ताई, आता काय भ्या नाय," असं तो म्हणाला.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून एकेक सोंग संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत येतं. सुरुवात गणपतीची आणि शेवटच्या सकाळी आई जगदंबेची स्वारी. तिची आणि म्हसोबाची, म्हणजे महिषासुराची, लढाई होते आणि मग गाव मोकळं होतं. कुणाचं सोंग कुणी नाचवायचं हे घराण्यांत ठरलेलं असतं, त्याला मान म्हणतात. मुखवटा चढला, की आतला माणूस माणूस नसतो. लोक त्याच्या पाया पडतात, बाया लेकरं त्याच्या पायाशी ठेवतात.

गर्दी वाढली, मागच्यांना काही दिसेना, म्हणून त्या गावच्या तरुण मंडळानं मोठा पडदा लावायचं ठरवलं आणि आम्हाला बोलावलं. पहिल्याच वर्षी मला एक गोष्ट कळली, ती शहरातल्या कुठल्याही मिक्सरवाल्याला कळली नसती. पडद्यावर आई दिसल्याबरोबर बाया उठल्या आणि पडद्यालाच हळदकुंकू लावायला लागल्या. एकीनं नारळ फोडला तो पडद्याच्या पायाशी. आमचे हे ओरडत होते, "अहो, करंट आहे त्याच्यात!" पण ऐकतंय कोण? त्या पडद्याची एक पट्टी नंतर कायमची तांबूस दिसायची.

म्हणजे पडद्यावर आईचं जे होईल ते आईचंच होणार. पण ऐन वेळी हे मंडळाच्या पोरांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही. म्हसोबाची एन्ट्री जोरात झाली पाहिजे, असं पोरांचं म्हणणं. "ताई, काच फोडा. लई भारी दिसंल." आता काच फुटते ती जाणाऱ्या चित्राची. जाणारं चित्र आईचं होतं. मी दांडी ओढली आणि आईच्या मुखाचे तुकडे तुकडे होऊन पडद्यावरून खाली कोसळले. संबळ थांबलं.  मग बायांचा एकच आकांत.

बोहाड्याचं सगळं बघतात ते धर्माबाबा. वय विचारलं तर "झाला आसंल बराच" म्हणणारे, अंगानं काडी, आवाजानं ढोल. त्यांनी माझ्याकडून नारळ फोडून घेतला, धूप घातला आणि आईसमोर शब्द घेतला.

"आईवर तुझा कंचाच खेळ नाय चालायचा. दिसंल तसं दाखव. नायतर ते तुझं यंतर ने घरी."

"नाही करणार, बाबा," मी म्हटलं. आमचे हे बाजूला उभे होते. करामतींच्या बाबतीत त्यांचं म्हणणं प्रत्यक्ष जगदंबेनं उचलून धरलं, याचा आनंद त्यांच्या तोंडावर लपत नव्हता.

पुढच्या वर्षी आईचा मुखवटा पहिल्यांदाच पांडूच्या तोंडावर चढणार होता. त्याचा बाप वर्षानुवर्षं आई नाचवायचा, तो आदल्या पावसाळ्यात वारला. पांडू ठाण्याला कंपनीत कामाला, सणावारालाच गावी येणारा. भावकीत कुजबुज सुरू होती, की याच्यापेक्षा चुलतभावाला मान द्या, तो इथं राहतो, इथं नाचणी पेरतो. आणि त्या गावची रीत अशी, की लढाई संपायच्या आत मुखवटा उतरला, आतलं तोंड गावाला दिसलं, तर आईला तो माणूस नको आहे असं धरतात. मग मान दुसऱ्या घरात जातो आणि परत येत नाही.

पांडूची आई, यशोदाबाय, मला आदल्या दिवशी हे सगळं सांगत बसली. तिच्या गुडघ्यांनी संप केला होता, त्यामुळे रिंगणापर्यंत जाणं शक्य नव्हतं. ती पडद्यासमोरच घोंगडी टाकून बसणार होती, माझ्या टेबलाच्या अगदी शेजारी.

"घरात येवढं एकच हाय बाय," ती म्हणाली. "जिमीन डोंगरावली, पोऱ्या ठाण्याला. आई तेवढी आमची."

सकाळी ऊन कोवळं असतानाच स्वारी निघाली. आमचे हे रिंगणाच्या आत कॅमेरा घेऊन. विलास समोरच्या ओट्यावर. रिंगणाला वाजंत्री आणि जाणत्या माणसांचं कडं, त्यांच्या पाठी लोकांकडे. म्हणजे आतलं जे काही गावाला दिसायचं ते पडद्यावरच. पांडू सुरुवातीला बिचकत होता, मग संबळ अंगात भिनलं आणि तो असा नाचायला लागला, की यशोदाबायनं माझा दंडच धरला. मी शब्दाला जागून साधे कट मारत होते.

लढाई तोंडावर आली आणि गर्दीत कुणाचा तरी पाय विलासच्या वायरीत अडकला. माझ्यासमोरचा त्याचा चौकोन निळा झाला. आता चुलीवर काहीच नव्हतं, पानात वाढलेलं तेवढंच, ह्यांचा कॅमेरा आणि त्यात आईचं मुख. आणि तेव्हाच मला दिसलं, की मुखवट्याच्या कानामागून नाड्याचं एक टोक सुटून लोंबतंय.

मुखवटा अजून जागेवर होता. पण अजून एक गिरकी, की तो गेला. दुसरा कॅमेरा असता तर मी झटक्यात संबळवाल्यावर गेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. पडद्यावर टाकायला मंडळाच्या नावाची पाटी यंत्रात होती, पण ऐन लढाईत पाटी आली असती तर अख्खं गाव काय झालं म्हणून रिंगणात घुसलं असतं.  आईसमोर दिलेला शब्द आठवला. शेजारी यशोदाबाय हात जोडून बसलेली. आणि माझं बोट आपोआप जाऊन चित्र गोठवायच्या बटणावर पडलं.

पडद्यावरची आई थांबली. तलवार उगारलेली, मुखवटा सरळ, डोळे वटारलेले. पण संबळ चालू आणि चित्र थिजलेलं, हे किती वेळ खपणार? म्हणून मी करामतीची छोटी काठी धरली आणि ते चित्र हळूहळू मोठं करायला लागले. अगदी हळू, सूर्यमाळच्या त्या पोरीसारखं. आई पडद्यातून पुढं पुढं यायला लागली.

कानात ह्यांचा आवाज. "अगं, नाडा तुटला! तू बाहेर काय दाखवतेस?"

"आईच आहे. तुम्ही कॅमेरा हलवू नका."

"मुखवटा हातात आलाय त्याच्या. धर्माबाबा उपरण्याचा आडोसा करून बांधतायत."

"बांधून झालं की सांगा. मग आईचं तोंड भरून घ्या, एकदम जवळून."

इकडं गावानं हात जोडले होते. "आई पुढं आली, आई पुढं आली!" कुणीतरी ओरडलं आणि 'उदो उदो'चा असा गजर झाला, की माझं टेबल थरारलं. बाया पुन्हा हळदकुंकू घेऊन पडद्याकडे धावल्या. आईचं मुख पडदाभर झालं, आता त्याच्यापुढं वाढवायला जागा नव्हती. काठी टोकाला लागली. माझी सगळ्या देवांची नावं घेऊन झाली होती.

"झालं," हे म्हणाले. "घेतलं बघ तोंड."

मी दांडी ओढली, मिक्सवर. थांबलेली आई हलत्या आईत विरघळली. सांधा मलासुद्धा दिसला नाही. मग ह्यांनी कॅमेरा मागं घेतला आणि पांडूनं तलवार फिरवली. म्हसोबा पडला. गाव मोकळं झालं.

मी टेबलाखाली वाकले, वायर बघते असं दाखवून. खरं तर हसू आणि रडू एकदमच आलं होतं. इतकं हलकं मला माझ्या बाळंतपणानंतरच वाटलं होतं.

वायरी गुंडाळत होते तेव्हा धर्माबाबा आले. हे पुढं झाले, "बाबा, तिची चूक नाही, मीच..." बाबांनी हातानंच त्यांना बाजूला केलं.

"शबुद मोडलास ना गं बाय?"

"मोडला, बाबा."

ते टेबलाच्या कडेला टेकले. मिक्सरकडे बघत राहिले, दांडीला एक बोट लावून पाहिलं.

"माझा बाप टेंभेकरी व्हता," ते म्हणाले. "तव्हा आईची सवारी आंधारातच निघं. टेंभ्याच्या उजेडात काय दिसंल त्येच गाव बघं. सोंगाचा नाडा सुटला, का बाप टेंभा खाली घाली. नाडा बांधला का परत वर. लोकांना वाटं, वारा आला." ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "नाडा कापसाचा गं, तुटतोच. नाड्याला कटाळा आला, म्हणजे आईला आला आसं नाय. बेस केलास."

एवढं बोलून ते गेले. मी खुर्चीवर बसले. हे माझा थंड झालेला चहा उचलून टाकून दुसरा घेऊन आले.

दुपारी देवळासमोर मानाचे नारळ वाटतात. मीही यशोदाबायजवळ जाऊन बसले. धर्माबाबा एकेक नाव घेत होते. आईचं सोंग म्हटल्यावर पांडू उठला, नारळ घेऊन त्यानं आधी यशोदाबायकडे बघितलं, मग डोळे पुसले. चुलतभावानंच त्याची पाठ थोपटली. मग म्हसोबा, मग संबळ, मग पिपाणी.

"टेंभा," बाबांनी हाक दिली.

गावात वीज आल्यापासून टेंभ्याला कुणी उभं राहत नाही. तरी दरवर्षी नाव घेतात, कुणी उठत नाही आणि तो नारळ परत आईपुढं ठेवतात. त्या दिवशी बाबांनी नारळ ठेवला नाही. हातातच धरून ते उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. लोकांनी माना वळवल्या. मोठा पडदा लावला म्हणून बाईला मान देतायत, असं मागं कुणीतरी म्हणालं.  मी बसूनच राहिले.

यशोदाबायनं कोपरानं ढोसलं. अगदी हळू, फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "माझ्या दादल्यानं उभा जलम नाचवली आई. लढाईत ती कधी थांबत नाय. आज थांबली, तव्हाच मला समाजलं."

मी तिच्याकडे वळले. तिचे डोळे भरलेले आणि तोंडावर हसू.

"टेंभा," बाबांनी पुन्हा हाक दिली.

"ऊठ की गं," यशोदाबाय म्हणाली. "आईला अजून किती येळ थांबवशील?"

मी पदर पुढं केला आणि उठले.